जावा वेब सर्व्हिस क्लायंट बांधताना येणारे एरर: आधी टप्पा ओळखा, मग हात लावा

कापसाचा हंगाम सुरू झाला की माझ्या फोनवर फोटो येऊ लागतात. वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरचा स्क्रीन, त्यावर लाल अक्षरं, आणि फोटोत शेवटच्या चारच ओळी. सोबत एक वाक्य: "भाऊ, कालपर्यंत बिल्ड होत होतं, आज एरर देऊन राह्यलं." पाठवणारी पोरं हुशार आहेत. यवतमाळ-वर्ध्याकडच्या तालुक्याच्या गावी बसून जिनिंगचं, दूध केंद्राचं, सोसायटीचं सॉफ्टवेअर सांभाळतात. अडतात ती एकाच जागी. एरर दिसला की जावाचं व्हर्जन बदलतात, मेव्हन (बिल्ड करणारं साधन) नव्याने टाकतात, डब्ल्यूएसडीएल (समोरच्या वेब सर्व्हिसला काय आणि कसं विचारायचं ते सांगणारी फाईल) पुन्हा उतरवतात, आणि हे सगळं एका दमात. मग एरर बदलतो आणि मूळचा कोणता होता तेच हरवतं.

उदाहरण काट्याचंच घेऊ. गाडीचं भरलेलं आणि रिकामं वजन झालं, काटापट्टी निघाली, की शेतकऱ्याचं नाव, बँक खाते नंबर, गाडी नंबर आणि निव्वळ वजन खरेदीदाराच्या सर्व्हरवर सोप वेब सर्व्हिसने, म्हणजे एक्सएमएलच्या निरोपातून, जायला हवं. त्यासाठी त्यांच्या डब्ल्यूएसडीएलवरून आपण जावात क्लायंट, म्हणजे त्या सर्व्हरशी बोलणारा प्रोग्राम, बांधतो. या कामाचे पाच टप्पे पडतात: डब्ल्यूएसडीएल हातात येणं, त्यावरून कोड तयार होणं, तो कंपाइल होणं, प्रोग्राम सर्व्हरपर्यंत पोचणं, आणि आलेलं उत्तर समजणं. प्रत्येक एरर यातल्या एकाच टप्प्याचा असतो. तो कोणता हे ठरेपर्यंत काहीही बदलू नका.

एरर वाचायचा कसा, तेही आधी सांगतो, कारण निम्मा वेळ इथेच जातो. बिल्ड करताना एरर आला तर सगळ्यात वरचा, पहिला एरर बघा. खालचे पन्नास त्याचीच पिल्लं असतात. प्रोग्राम चालू असताना आला तर उलट करा: खाली जात शेवटचं 'कॉज्ड बाय' शोधा, खरं कारण तिथे असतं. आणि फोटो काढू नका. पूर्ण मजकूर फाईलमध्ये साठवून पाठवा.

## १. बसण्याआधीची तयारी

जावा किती आहेत ते बघा. एकाच मशीनवर तीन-तीन जावा असतात आणि प्रत्येक साधन वेगळं उचलतं. कमांड विंडोत जावाचं, जावासीचं (जावाचा कंपायलर) आणि मेव्हनचं व्हर्जन, तिन्ही विचारा. मेव्हन स्वतःचं व्हर्जन सांगताना कोणती जावा वापरतोय तेही सांगतो, ती ओळ वाचा. एडिटरमध्ये प्रोजेक्टला लावलेली जावा चौथी असू शकते. चारही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

साधन कुठून येणार ते ठरवा. कोड तयार करणारं डब्ल्यूएसइम्पोर्ट हे साधन जावा ६ ते ८ मध्ये जेडीकेसोबतच (जावाचा डेव्हलपरसाठीचा संच) यायचं. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून ते काढून टाकलं, आणि त्यासोबत जॅक्स-डब्ल्यूएस (सोप सर्व्हिसशी बोलणारी) आणि जॅक्स-बी (एक्सएमएलचे जावा क्लास करणारी) या लायब्ररीही गेल्या. त्यामुळे ११, १७ किंवा २१ वर 'डब्ल्यूएसइम्पोर्ट ही कमांड ओळखता येत नाही' असं आलं तर पाथ दुरुस्त करत बसू नका. ते तिथे नाहीच. मेव्हनचा जॅक्स-डब्ल्यूएस प्लगइन लावा आणि रनटाइम (प्रोग्राम चालताना लागणारी) लायब्ररी पॉम फाईलमध्ये, म्हणजे मेव्हनच्या सेटिंगच्या फाईलमध्ये, स्वतः लिहा.

घराणं एक ठेवा. रनटाइमच्या २.३ मालिकेत पॅकेजची नावं 'जावाएक्स'ने सुरू होतात, ३.० पासून पुढे 'जकार्ता'ने. स्प्रिंग बूट ३ (जावाचं एक फ्रेमवर्क) वर असाल तर जकार्ताच घ्यावं लागतं. जुनं सॉफ्टवेअर जावा ८ वर चालत असेल तर २.३ वरच राहा. दोन्ही एका प्रोजेक्टमध्ये आले की एकाच नावाचे दोन क्लास समोरासमोर उभे राहतात, आणि तो गोंधळ रात्र खातो.

नेट चांगलं असेल तिथे सगळं उतरवून घ्या. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लायब्ररी उतरताना मध्येच रेंज गेली किंवा लाईन गेली, की मेव्हन ते अपयश लक्षात ठेवतो. नंतर नेट आलं तरी 'मागच्या वेळी मिळालं नव्हतं, आता पुन्हा प्रयत्न करणार नाही' अशा अर्थाचा एरर देत राहतो. अशा वेळी बिल्डच्या कमांडला मोठ्या यूचा पर्याय जोडा, म्हणजे तो नव्याने शोधतो. तरीही अडला तर होम फोल्डरमधल्या डॉट-एम-टू फोल्डरात फक्त त्या लायब्ररीचा फोल्डर पुसा. अख्खा डॉट-एम-टू पुसू नका, नाहीतर सगळं पुन्हा उतरवायला बसावं लागेल.

जिल्ह्याच्या गावी चांगल्या नेटवर एकदा पूर्ण बिल्ड करून डॉट-एम-टू फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला, तर काट्यावर नेटशिवाय बिल्ड करता येतं.

तपासा: नेट बंद करून ऑफलाइन पर्यायाने बिल्ड चालवा. झालं तर तयारी पुरी. नाही झालं तर कोणती लायब्ररी राहिली तिचं नाव तिथेच दिसेल.

घड्याळ बघा. हे का लिहितोय ते पाचव्या भागात कळेल. कॉम्प्युटरची तारीख आणि साल आज बघून घ्या.

## २. डब्ल्यूएसडीएल हातात घ्या

बिल्ड दर वेळी समोरच्या सर्व्हरवरून डब्ल्यूएसडीएल आणत असेल तर ती पद्धत सोडा. त्यांचा सर्व्हर बंद असला की तुमचं बिल्ड बंद, आणि त्यांनी गुपचूप बदल केला तर तुमचा कोड आपोआप बदलणार. फाईल एकदा उतरवा, प्रोजेक्टमध्ये ठेवा, कोणत्या तारखेला घेतली ते लिहून ठेवा.

उतरवताना तीन गोष्टी चुकतात. पहिली, ब्राउझरमधून 'सेव्ह' केल्यावर कधी एक्सएमएलऐवजी एचटीएमएल साठतं. फाईल नोटपॅडमध्ये उघडा. पहिली ओळ एक्सएमएलची आहे का, 'डेफिनिशन्स' हा टॅग दिसतो का, ते डोळ्यांनी बघा. लॉगिनचं पान डब्ल्यूएसडीएल म्हणून साठवलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. 'कंटेंट इज नॉट अलाउड इन प्रोलॉग' हा एरर बहुधा याचाच असतो, किंवा एक्सएमएलच्या आधी एखादं अदृश्य चिन्ह घुसलेलं असतं.

दुसरी, डब्ल्यूएसडीएल एकटी नसते. तिच्या पोटात 'इम्पोर्ट' किंवा 'इन्क्लूड' लिहून बाहेरच्या स्कीमा फाईली (एक्सएमएलची रचना सांगणाऱ्या) बोलावलेल्या असतात. त्याही उतरवा, आणि डब्ल्यूएसडीएलमधला त्यांचा पत्ता शेजारच्या फाईलकडे वळवा. त्या स्कीमांच्या पोटात आणखी स्कीमा असू शकतात, तिथपर्यंत जा.

तिसरी, शेवटी असलेला सर्व्हिसचा पत्ता. तो कधी 'लोकलहोस्ट' असतो, कधी खरेदीदाराच्या ऑफिसातल्या अंतर्गत मशीनचं नाव असतं. आत्ता काही करू नका, फक्त नोंद करून ठेवा.

तपासा: नेट बंद ठेवून स्कीमासकट फाईल सोपयूआयमध्ये (सोप सर्व्हिस तपासायचं साधन) उघडते का? उघडली तर हा टप्पा पार झाला.

## ३. कोड तयार करणं

इथले एरर ठराविक आहेत.

*'ॲक्सेस एक्सटर्नल स्कीमा'ने परवानगी नाकारली.* जावा ८ पासून डब्ल्यूएसइम्पोर्ट बाहेरच्या स्कीमा वाचू देत नाही. हा सुरक्षेचा नियम आहे. फाईली तुमच्याच फोल्डरातल्या, ओळखीच्या असतील तर ती प्रॉपर्टी फक्त या कमांडपुरती 'फाईल' अशी ठेवा. 'ऑल' लिहून सगळ्या मशीनला कायमची सूट देऊ नका.

*'ऑब्जेक्टफॅक्टरीत (आपोआप तयार होणारा एक क्लास) दोन घोषणा एकमेकींवर आदळतात.'* दोन स्कीमांमध्ये एकच नाव आहे, किंवा एकाच स्कीमात फक्त लहान-मोठ्या अक्षराचा फरक असलेली दोन नावं आहेत. नावं आपोआप सोडवण्याचा पर्याय आहे, पण तो नावामागे आकडे चिकटवतो आणि नंतर कोणता क्लास कशाचा ते कळत नाही. मी बाइंडिंग फाईल (स्कीमातल्या कशाला जावात काय नाव द्यायचं ते सांगणारी) लिहून नाव स्वतः देतो. वेगवेगळ्या नेमस्पेसच्या (टॅगांच्या नावांचं कूळ सांगणारा पत्ता) स्कीमांना एकाच पॅकेजमध्ये कोंबणं हेही याचं नेहमीचं कारण आहे. पॅकेजचा पर्याय काढून टाकला की निम्म्या वेळा प्रश्नच मिटतो.

*'आरपीसी एन्कोडेड चालत नाही.'* ही जुन्या धर्तीची सर्व्हिस आहे. जॅक्स-डब्ल्यूएस ती घेतच नाही, कितीही पर्याय लावा. एक्सिस १ सारखं जुनं साधन वापरा, किंवा समोरच्याकडे 'डॉक्युमेंट लिटरल' मागा.

*'एस कोलन स्कीमा ही व्याख्या सापडत नाही.'* समोर डॉटनेटची (मायक्रोसॉफ्टचं तंत्र) सर्व्हिस आहे आणि तिने डेटासेट परत पाठवायचं ठरवलं आहे. एक्सएमएल स्कीमाची मूळ स्कीमा फाईल बाइंडिंग म्हणून जोडावी लागते.

*एरर नाही, फक्त इशारा, पण पोर्ट गायब.* इथे पोर्ट म्हणजे डब्ल्यूएसडीएलमधली, सर्व्हिसला हाक मारायची जागा. इशाऱ्यात 'सोप १.२' दिसलं तर 'एक्सटेन्शन' पर्याय देऊन पुन्हा चालवा. इशारे न वाचता पुढे गेलात तर तयार क्लासमध्ये पोर्टची मेथड का नाही हे शोधत बसाल.

सावधान: तयार झालेल्या कोडमध्ये हाताने काही बदलू नका. पुढच्या बिल्डमध्ये तो बदल पुसला जातो, आणि तो का केला होता ते तोवर कुणालाच आठवत नाही.

## ४. कंपाइल

हा टप्पा छोटा आहे. 'पॅकेज अस्तित्वात नाही' आणि नाव 'जावाएक्स'चं असेल, तर एकतर लायब्ररी पॉममध्ये नाही किंवा तुम्ही जकार्ता घराण्यात आहात आणि कोड जुन्या साधनाने बनवला आहे. फाइंड-रिप्लेस करू नका, योग्य प्लगइनने कोड नव्याने बनवा. 'डुप्लिकेट क्लास' म्हणजे तयार कोड सोर्स फोल्डरमध्येही पडलाय आणि टार्गेटमध्येही (मेव्हन बिल्डचं फोल्डर). सोर्समधला काढा. क्लास फाईलचं व्हर्जन चुकीचं असा एरर असेल तर आकडा बघा: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१.

डब्ल्यूएसडीएलमध्ये मराठी टिपा असतील तर विंडोजवर 'अनमॅपेबल कॅरेक्टर' येतं. पॉममध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहा. जावा १८ पासून तेच डिफॉल्ट आहे, पण काट्यांवर अजून जावा ८ आहे.

डब्ल्यूएसडीएल बदलली आणि कोड जुनाच राहिला, तर 'क्लीन' करून बिल्ड करा. फाईल बदलली हे प्लगइनला दर वेळी कळतंच असं नाही.

## ५. सर्व्हरपर्यंत पोचणं

बांधला, चालवला, आणि आता एरर आला. इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि इथेच सगळ्यात जास्त चुकीच्या गोष्टी केल्या जातात.

एका पोराने मला विचारलं होतं, "दादा, साईट तं उघडते ना ब्राउझरमंदी, मंग जावाले काय झालं?" प्रश्न बरोबर आहे. ब्राउझर त्याची स्वतःची किंवा विंडोजची सर्टिफिकेटं आणि प्रॉक्सी (नेटकडे नेणारा मधला सर्व्हर) वापरतो. जावा स्वतःची सर्टिफिकेटं 'सीएसर्ट्स' नावाच्या फाईलमध्ये ठेवते आणि प्रॉक्सी तिला वेगळा सांगावा लागतो. एकात चाललं म्हणून दुसऱ्यात चालेल असं नाही.

या क्रमाने जा.

क) नाव सापडत नाही. 'अननोन होस्ट' आला तर आधी दुसऱ्या भागातली नोंद काढा. डब्ल्यूएसडीएलमधला पत्ताच अंतर्गत असेल तर कोडमध्ये बाइंडिंग प्रोव्हायडरच्या 'एंडपॉइंट ॲड्रेस' प्रॉपर्टीत खरा पत्ता द्या. तो पत्ता सेटिंगच्या फाईलमधून वाचा. चाचणीचा आणि खरा सर्व्हर वेगळे असतात, आणि कोडमध्ये कोंबलेल्या पत्त्यामुळे चाचणीच्या पट्ट्या खऱ्या खात्यात गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

ख) कनेक्शन नाकारलं, की वेळ संपला? दोन्ही वेगळे. 'रिफ्यूज्ड' म्हणजे समोरचं मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर (आता मशीनचा दरवाजा-नंबर) कुणी ऐकत नाही. 'टाइम्ड आउट' म्हणजे उत्तरच नाही: फायरवॉल, प्रॉक्सी, किंवा आपलंच नेट.

ग) सर्टिफिकेट. 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' आला तर कारणं साधारण तीन. समोरच्या सर्व्हरने मधलं सर्टिफिकेट पाठवलं नाही. ब्राउझर ते स्वतः शोधून आणतो, जावा सहसा आणत नाही. अशा वेळी समोरच्याला पूर्ण साखळी लावायला सांगा, तोच खरा इलाज. दुसरं, तुमची जावा इतकी जुनी की नवीन सर्टिफिकेट देणाऱ्यांची नावं तिला माहीतच नाहीत. जावा ८ चं ताजं अपडेट टाकलं की जमतं. तिसरं, सर्टिफिकेट त्यांनी स्वतःच बनवलेलं आहे. मग ते त्यांच्याकडून घ्या, कीटूलने (जावासोबत येणारं सर्टिफिकेटचं साधन) आयात करा. आयात करताना सीएसर्ट्सची प्रत काढून त्या प्रतीत करा आणि प्रोग्रामला ट्रस्टस्टोअर (विश्वासाच्या सर्टिफिकेटांची फाईल) म्हणून ती प्रत दाखवा. मूळ फाईलमध्ये केलेली आयात नवीन जावा टाकली की सोबत येत नाही. आणि नुसत्या एका सर्टिफिकेटचं नवीन ट्रस्टस्टोअर दाखवलंत तर बाकीच्या सगळ्या साईट बंद पडतील.

सावधान: 'सगळ्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवा' असा दहा ओळींचा कोड कुठूनही उचलून चिकटवू नका. एरर जाईल हे खरं. पण त्या पट्टीसोबत शेतकऱ्याचा बँक खाते नंबर जातो. मधे कुणी बसला तर तो वाचेल, आणि बदलेलसुद्धा. त्याचा वर्षभराचा कापूस त्या एका ओळीत असतो.

घ) तारीख. वणीकडच्या एका जिनिंगची गोष्ट. रात्री लाईन गेली, सकाळी आली, आणि सर्टिफिकेटचा एरर सुरू झाला. मी अडीच तास ट्रस्टस्टोअर उलगडत बसलो होतो. बाहेर गाड्यांची रांग फाटकाच्या पुढे गेली होती. काटेवाले काका आत येऊन म्हणाले, "भाऊ, पट्टीवर तारीख कोन्ती छापून राह्यली पाहा बरं." पट्टीवर २००९ साल होतं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता, लाईन गेल्याबरोबर घड्याळ मागे गेलं, आणि जावाच्या लेखी समोरचं सर्टिफिकेट अजून जन्मलंच नव्हतं. 'नॉट यट व्हॅलिड' हे शब्द एररमध्ये होते. मी शेवटचं 'कॉज्ड बाय' वाचलं नव्हतं. तेव्हापासून सेल मी पिशवीतच ठेवतो.

ङ) हँडशेक फेल्युअर, म्हणजे सुरक्षित जोडणीची सुरुवातच फसली. टीएलएस हा त्या जोडणीचा नियम. जावा ७ स्वतःहून टीएलएस १.० ने बोलायला जाते, जावा ८ टीएलएस १.२ ने. आताचे बहुतेक सर्व्हर १.० घेत नाहीत. जावा ७ असेल तर बदला.

तपासा: त्याच मशीनवरून सोपयूआयने एक विनंती पाठवा. तिथे उत्तर आलं आणि तुमच्या प्रोग्रामला आलं नाही, तर चूक तुमच्याकडे आहे. दोन्हीकडे नाही आलं तर बहुधा नेटची किंवा समोरच्याची.

## ६. आलेलं उत्तर समजणं

आता अंदाज बांधणं सोडा आणि तारेवरून जाणारं-येणारं एक्सएमएल बघा. जॅक्स-डब्ल्यूएसमध्ये 'एचटीटीपी ट्रान्सपोर्ट पाइप' या क्लासची 'डंप' प्रॉपर्टी 'ट्रू' केली की सगळं छापून येतं. एक खोच आहे: जावा ८ मधल्या आतल्या लायब्ररीसाठी त्या नावात मधे 'इंटर्नल' येतं, वेगळी जोडलेल्या लायब्ररीसाठी येत नाही. नाव चुकलं तर एरर येत नाही, फक्त काही छापलं जात नाही. काम झालं की बंद करा, त्या लॉगमध्ये लोकांची माहिती असते.

- ४१५ (सर्व्हरने दिलेला एचटीटीपी आकडा) आला तर सोपचं व्हर्जन जुळत नाही. १.१ 'टेक्स्ट एक्सएमएल' म्हणून जातं, १.२ 'ॲप्लिकेशन सोप एक्सएमएल' म्हणून.
- 'टेक्स्ट एचटीएमएल चालत नाही' म्हणजे उत्तराऐवजी वेबपान आलंय. डंपमध्ये ते पान वाचा, बहुधा लॉगिन किंवा 'सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद' असेल.
- ५०० सोबत सोप फॉल्ट (सर्व्हरने सोपमधूनच कळवलेली चूक) आला तर जोडणी झालेली आहे. जावा, सर्टिफिकेट, नेट कशालाही हात लावू नका. फॉल्टचा मजकूर वाचा. फॉल्टच्या कोडमध्ये 'क्लायंट' असेल तर तुम्ही पाठवलेल्यात चूक आहे, 'सर्व्हर' असेल तर त्यांच्याकडे.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे एरर न येणं. उत्तर येतं, पण क्लासमधली किंमत रिकामी. समोरच्याने नेमस्पेस किंवा टॅगचं नाव बदललं की जॅक्स-बी अनोळखी टॅग मुकाट्याने सोडून देतं. डंपमध्ये किंमत दिसते आणि कोडमध्ये नाही, असं झालं की समजा डब्ल्यूएसडीएल बदलली आहे. दुसऱ्या भागावर परत जा.

तारखेचा घोळही असाच गुपचूप होतो. १ नोव्हेंबरची पट्टी पलीकडे ३१ ऑक्टोबरची दिसते. आपली मध्यरात्र जागतिक वेळेत आदल्या दिवसाची संध्याकाळ साडेसहा असते. तारखेला वेळेचा पट्टा (टाइमझोन) जोडून पाठवला आणि समोरच्याने तो जागतिक वेळेत वाचला की एक दिवस मागे. फक्त तारीख पाठवायची असेल तर वेळेचा पट्टा 'अनडिफाइन्ड' ठेवा. महिन्याच्या टोकाला भाव बदलला असेल तर हा एक दिवस शेतकऱ्याला पैशात पडतो.

## ७. काट्यावर लावण्याआधी

डब्ल्यूएसडीएल जारच्या (तयार प्रोग्रामची एकत्र बांधलेली फाईल) आत ठेवा आणि सर्व्हिसला तिथूनच वाचायला लावा. तयार झालेला क्लास नाहीतर चालू होतानाच ती मूळ जागेवर शोधतो, आणि ती जागा कधी तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवरचा फोल्डर असते. घरी चालतं आणि काट्यावर चालत नाही याचं हे ठरलेलं कारण.

वेळमर्यादा घाला. न घातल्यास जॅक्स-डब्ल्यूएस उत्तराची वाट बघतच राहतं आणि स्क्रीन गोठतो. जोडणीची आणि उत्तराची अशा दोन वेगळ्या प्रॉपर्टी आहेत, आकडे मिलिसेकंदात, आणि 'इंटर्नल'चा नियम इथेही लागू. मी जोडणीला दहा सेकंद आणि उत्तराला तीस देतो.

पण वेळ संपला याचा अर्थ पट्टी पोचली नाही असा घेऊ नका. ती पोचली, नोंदली गेली, आणि फक्त उत्तर परत येताना रेंज गेली, असं रोज होतं. तुमच्या प्रोग्रामने ती पुन्हा पाठवली तर एकाच गाडीच्या दोन नोंदी. प्रत्येक पट्टीला स्वतःचा न बदलणारा नंबर द्या, पुन्हा पाठवताना तोच नंबर ठेवा, आणि तो दुसऱ्यांदा आला तर समोरचा सर्व्हर काय करतो हे खरेदीदाराच्या माणसाकडून लेखी घ्या. न गेलेल्या पट्ट्या मेमरीत ठेवू नका, डेटाबेसमध्ये ठेवा. लाईन कधी जाईल सांगता येत नाही.

शेवटची तपासणी: चाचणीच्या सर्व्हरवर पाच पट्ट्या पाठवायला घ्या. तिसरीच्या मध्ये नेटची वायर ओढा. चौथी पाठवा, मग कॉम्प्युटरचा प्लगच काढा. पुन्हा सुरू करा, वायर लावा, पाचवी पाठवा. आता पलीकडच्या माणसाला फोन करून नोंदी मोजायला सांगा. पाचच असायला हव्यात, आणि प्रत्येकीचं वजन तुमच्या छापील पट्टीवरच्या वजनाशी जुळायला हवं.